ओझर-गांधीनगरच्या आकाशात ड्रोन अन् रिमोटची विमानं : कुठे, किती उंच, कोणाच्या परवानगीने?

नाशिक : लग्नाच्या वरातीवर घिरट्या घालणारा ड्रोन आता कुठल्याच गावाला नवा राहिलेला नाही. सोयाबीन-मक्यावर फवारणी करणारे ड्रोनही शिवारात दिसू लागले आहेत. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या माळावर थर्माकोलची, बाल्सा लाकडाची विमानं रिमोटवर उडवणारी पोरं असतात ती वेगळीच. पण ह्याच आकाशात गांधीनगरची हेलिकॉप्टर शिकाऊ वैमानिकांना घेऊन फिरतात आणि ओझरवरून सुखोईपासून प्रवासी विमानापर्यंत सगळं उठतं-बसतं. धुळे, शिरपूर, जळगावकडच्या फ्लाइंग स्कूलची दोन-चार सीटची छोटी विमानंही खानदेशच्या आकाशात सरावाला असतात. एकाच रस्त्यावर बैलगाडी, ट्रॅक्टर आणि एसटी चालावी तशी ही गत आहे. फरक एवढाच की रस्त्यावर निदान हॉर्न ऐकू येतो.

आकाशातला हा वाटा कसा ठरतो, कोणी कोणाला वाट द्यायची, नाशिक जिल्ह्यात नेमकं कुठं जपायचं आणि फवारणीचा ड्रोन मागवणाऱ्या शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, याची ही माहिती.

जिल्ह्याच्या आकाशात कोण कोण आहे

ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे आपल्या भाषेत एचएएलचा कारखाना १९६४ पासून आहे. मिग विमानांसाठी तो उभा राहिला. साकोरे मिग हे गावाचं नावच त्याची साक्ष देतं. पुढे सुखोई-३० इथे तयार झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला इथल्या तेजस मार्क-१ए ने पहिलं उड्डाण केलं. त्याच दिवशी एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाच्या उत्पादनाची दुसरी लाइनही इथे सुरू झाली. म्हणजे येत्या काळात ओझरवरून चाचणीची उड्डाणं वाढणार हे उघड आहे. त्याच धावपट्टीवर प्रवासी विमानंही उतरतात.

नाशिक शहर आणि नाशिकरोडच्या मधोमध गांधीनगरला सैन्याची कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे, २००३ पासून. लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक इथे घडतात. कॅप्टन अभिलाषा बराक यांना २५ मे २०२२ रोजी इथेच विंग मिळाले आणि त्या सैन्यदलाच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर ठरल्या. चेतक, चीता ही इथली ओळखीची हेलिकॉप्टर. चीता वजनाला जेमतेम दोन टन, म्हणजे भरलेल्या पिकअपपेक्षा फार जड नाही. ‘लष्करी’ म्हटलं की लोकांना काहीतरी अजस्र वाटतं, पण ही हलकी यंत्रं आहेत.

देवळालीला तोफखान्याचं मोठं केंद्र आहे. तोफगोळा कुठं पडतो ते वरून बघायला पूर्वी सैन्याकडे ऑस्टर जातीची छोटी विमानं असत, नंतर एचएएलनेच बनवलेलं एक हलकं विमान आलं. त्याचं नाव होतं ‘कृषक’. नाव शेतकऱ्याचं आणि काम तोफखान्याचं! या निरीक्षण तुकड्यांतूनच पुढे १९८६ साली आर्मी एव्हिएशन कोर वेगळी झाली. सांगायचा मुद्दा असा की नाशिकच्या शिवारावरून खाली उडणारी हलकी विमानं ही ड्रोनच्या कितीतरी आधीपासूनची आहेत. नवा पाहुणा ड्रोन आहे.

वैमानिकाला खालचं दिसत का नाही?

ड्रोनवाल्यांचं एक नेहमीचं म्हणणं असतं, “एवढं मोठं हेलिकॉप्टर आहे, त्याला दिसत नाही का?” खरं उत्तर आहे, नाही दिसत. हे नीट समजून घेतलं तर बाकीचे सगळे नियम आपोआप पटतात.

हेलिकॉप्टर ताशी १८५ किलोमीटरने चाललं आहे असं धरू. म्हणजे सेकंदाला ५१ मीटर. समोरची वस्तू दिसणं, ती काय आहे हे कळणं, आपण तिच्यावर जाऊन आदळणार हे ध्यानात येणं, हात हलणं आणि यंत्राने वळण घेणं, या सगळ्याला मिळून साधारण साडेबारा सेकंद लागतात असं अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा आपल्या वैमानिकांना शिकवते. साडेबारा सेकंदात हेलिकॉप्टर ६४० मीटर पुढं गेलेलं असतं. तेव्हा वैमानिकाला ड्रोन ६४० मीटरवरूनच दिसायला पाहिजे. हातभर, म्हणजे ४० सेंटीमीटरचा ड्रोन ६४० मीटरवरून केवढा दिसेल? दीड सेंटीमीटरची सुपारी २४ मीटरवर ठेवली तर दिसते तेवढा. तीही स्वच्छ भिंतीवर नाही. खाली द्राक्षबाग, शेडनेट, पत्र्याची शेडं, चमकणारं शेततळं असं सगळं पसरलेलं असतं, त्यात ती सुपारी हुडकायची.

त्यात आणखी एक खोच आहे. दोन गोष्टी एकमेकांवर आदळायच्या मार्गावर असतील तर समोरची वस्तू काचेत जागच्या जागी राहते, डावी-उजवीकडे सरकत नाही. माणसाच्या डोळ्याला हलणारं लवकर दिसतं, स्थिर असलेलं दिसत नाही. म्हणजे धोका जितका खरा, तितका तो दिसायला अवघड. शिवाय शिकाऊ वैमानिकाचे निम्मे डोळे आतल्या काट्यांवर असतात, तेही आलंच.

खाली उभ्या असलेल्या माणसाचं मात्र उलट आहे. त्याला हेलिकॉप्टरचा आवाज लांबूनच येतो. विमान आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळं उठून दिसतं. त्याच्या हातात रिमोट असतो आणि ड्रोन खाली घ्यायला काही सेकंद पुरतात. म्हणूनच २०२१ च्या ड्रोन नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की माणूस बसलेल्या विमानाचा वाटेचा हक्क मोडायचा नाही आणि त्याच्यापासून लांब राहायचं. यात सैन्याचा रुबाब किंवा श्रीमंताचा मान असा काही प्रकार नाही. ज्याला दिसतं त्याने बाजूला व्हायचं, इतका हा साधा हिशोब आहे.

उंचीचा घोळ

ड्रोनला हिरव्या पट्ट्यात ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत मुभा आहे. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या साध्या विमानाला गाव-शहर सोडून इतरत्र जमिनीपासून किमान ५०० फूट राहायचं असतं. दोघांच्या मध्ये उरले १०० फूट, म्हणजे ३० मीटर. दहा मजली इमारत. तेवढीच काय ती भिंत, आणि तीही हवेची. उतरताना-चढताना विमान ५०० फुटांच्या खाली असणारच. सैन्याच्या हेलिकॉप्टरला तर खाली उडण्याचाच सराव करायचा असतो, कारण युद्धात झाडाच्या शेंड्यालगत लपून जावं लागतं. त्यामुळे “मी चारशेच्या आत आहे, मला कोण काय करतंय” हा समज नाशिकात तरी धरून चालू नये.

आता घोळ. वैमानिक उंची सांगतो ती बहुतेक वेळा समुद्रसपाटीपासून. नाशिकचं पठारच समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, म्हणजे दोन हजार फुटांच्या आसपास आहे. वैमानिक म्हणतो ‘अडीच हजार फूट’, तेव्हा तो आपल्या बागेपासून फक्त पाचशे फुटांवर असतो. ड्रोनची उंची मात्र जिथून उडवला त्या जागेपासून मोजली जाते. दोघांचे आकडे शेजारी ठेवले तर ‘अडीच हजार’ आणि ‘चारशे’ यात मोठं अंतर वाटतं, आणि प्रत्यक्षात ते एकमेकांच्या अंगावर असतात.

डोंगराकडे हे आणखी फसवं होतं. त्र्यंबक, इगतपुरी, सुरगाणा, पेठकडच्या एखाद्या कड्यावर उभं राहून ड्रोन सोडला आणि आडवा दरीवर नेला तर स्क्रीनवर ५० फूटच दिसतात. खाली दरी हजार फूट खोल असेल तर ड्रोन जमिनीपासून १०५० फुटांवर गेलेला असतो. नियम जमिनीपासूनची उंची मोजतो. पावसाळ्यात धबधब्याचे व्हिडिओ काढायला येणाऱ्यांतल्या अनेकांना हे माहीतच नसतं. त्यांचं काही वाकडं झालेलं नाही ते केवळ त्या वेळी वरून कोणी जात नव्हतं म्हणून.

धडक होते तेव्हा

“असं कधी झालंय का?” असा प्रश्न कोणीही विचारेल. झालं आहे, आणि त्यांच्या चौकश्यांचे अहवाल जगजाहीर आहेत.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात ब्रायटन इथे १४ ऑगस्ट २०१० रोजी एका हौशी मेळाव्यात धावपट्टीवर मोठं रिमोटचं विमान हवेत उभं नाचवत होते. त्याच वेळी खरं दुपंखी विमान धावपट्टीवरून खालून आलं आणि त्याच्या खालच्या पंखावर मॉडेल आदळलं. पंख चेपला, पण विमान सुखरूप उतरलं. दोन्ही बाजूचे लोक उडवण्यात तरबेज होते, दोघंही एकाच मैदानावर होते. धावपट्टी त्या क्षणी कोणाची, हे तेवढं ठरलेलं नव्हतं.

नाशिकला जास्त लागू पडणारी घटना न्यूयॉर्कची आहे. २१ सप्टेंबर २०१७ रोजी तिथं सैन्याचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर सुमारे ३०० फुटांवरून चाललं होतं. त्याला एक फँटम ड्रोन धडकला. हेलिकॉप्टरच्या पात्याला दीड इंची खोक पडली, तरी ते उतरलं. ड्रोन उडवणारा चार किलोमीटर लांब उभा होता आणि टॅबलेटच्या पडद्यावर बघून उडवत होता. डोळ्याने त्याला ना ड्रोन दिसत होता ना हेलिकॉप्टर. त्या भागात तात्पुरती बंदी होती हेही त्याला माहीत नव्हतं. धडक झाल्याचं तर त्याला चौकशी अधिकारी भेटेपर्यंत कळलंच नाही, ड्रोन पाण्यात पडला असेल असं समजून तो घरी गेला. हेलिकॉप्टरमध्ये अडकलेल्या ड्रोनच्या तुकड्यावरच्या नंबरावरून त्याला शोधून काढलं.

तिसरी कॅनडातली. १० ऑगस्ट २०२१, बटनव्हिल विमानतळ. फ्लाइंग स्कूलचं सेसना १७२ विमान, आत शिकाऊ आणि शिक्षक. उतरायच्या मार्गावर असताना धाडकन आवाज आला. पक्षी असेल म्हणून ते उतरले, तर इंजिनाचं झाकण फाटलेलं. पोलिसांचा ड्रोन ४०० फुटांवर उभा होता. ड्रोनचालक कामात गुंतलेला, आणि सोबतीला नजर ठेवायला दिलेल्या माणसाला नेमकं काय करायचं हे शिकवलेलंच नव्हतं. पोलिसांच्या हातून हे होतं तर लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचं काय, असा विचार ज्याचा त्याने करावा.

पक्षी आणि ड्रोन सारख्याच वजनाचे असले तरी ड्रोनचा मार जास्त बसतो. पक्षी मांसाचा, तो चिरडतो. ड्रोनची मोटर आणि बॅटरी कठीण असतात, त्या आत घुसतात.

आपल्या जिल्ह्याला विमान शेतात पडणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. २७ जून २०१८ ला वावी-ठुशीच्या आणि ४ जून २०२४ ला शिरसगावच्या शिवारात सुखोई कोसळली. दोन्ही गावं निफाड तालुक्यातली, दोन्ही वेळी वैमानिक वाचले. त्या अपघातांचा ड्रोनशी काही संबंध नव्हता. पण वरचं यंत्र बिघडलं तर ते येतं कोणाच्या बागेत, हे निफाडकरांना सांगायला नको.

नकाशातले तीन रंग

देशात ड्रोनचे चालू नियम २५ ऑगस्ट २०२१ ला आले आणि महिनाभरात, २४ सप्टेंबरला, देशाचा रंगीत नकाशा डिजिटल स्काय या सरकारी प्लॅटफॉर्मवर टाकला गेला. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पिवळ्यात संबंधित हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भाग म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय बंद.

विमानतळाभोवतीचा हिशोब कुंपणापासून मोजतात, धावपट्टीच्या मध्यापासून नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवं, त्याच्या वर पिवळं. ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळं. त्याच्या आतला, कुंपणालगतचा भाग साधारणपणे लाल. मात्र ओझर हे निव्वळ नागरी विमानतळ नाही आणि गांधीनगर-देवळाली तर लष्करीच आहे. त्यामुळे हे किलोमीटर डोळे झाकून लावू नयेत, नकाशात आपल्या गटावर बोट ठेवल्यावर जो रंग दिसेल तो खरा. जानोरी, मोहाडी, दीक्षी, कसबे सुकेणे, पिंपळगाव बसवंत या बाजूच्या लोकांनी हे आधी करावं. सिन्नरच्या पूर्व टोकाच्या गावांनी शिर्डीचा विमानतळही लक्षात घ्यावा. तो काकडीला, कोपरगाव तालुक्यात आहे, पण नकाशातली वर्तुळं तालुक्याची हद्द बघून थांबत नाहीत.

वजनाप्रमाणे वर्ग आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल आणि पुढे मीडियम-लार्ज. नॅनोला आणि बिनधंद्याच्या मायक्रोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. यावरून बाजारात एक गैरसमज पसरला आहे की “अडीचशे ग्रॅमच्या आतला घ्या, कुठंही उडवा”. चूक आहे. सर्टिफिकेटची सूट आहे, रंगाची सूट नाही. लाल भागात नॅनोही लालच. नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने ड्रोनसाठी वेगळ्या कायद्याचा मसुदाही हरकतींसाठी मांडला होता, तेव्हा नवा ड्रोन घेताना त्या दिवशीचा नियम काय ते बघून घ्यावं.

गांधीनगर परिसरावर ऑगस्ट २०२२ मध्ये अनोळखी ड्रोन दिसला तेव्हा गुन्हा दाखल झाला होता. पुढे शहर पोलिसांनी ड्रोनधारकांना आपापले ड्रोन पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं. एकाने केलं आणि सगळ्या फोटोग्राफरांचा धंदा अडला, असा तो प्रकार.

रिमोटच्या विमानवाल्यांचं काय?

ही मंडळी ड्रोनच्या आधीची. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग कित्येक वर्षं शिकवलं जातं. अभियांत्रिकी कॉलेजची मुलं स्पर्धेसाठी विमानं बनवतात. सहा महिने खपून स्वतः कापलेल्या पंखाचं विमान दुसऱ्या मिनिटाला जमिनीत घुसलेलं बघायची ह्यांना सवय असते, त्यामुळे बहुतेक जण सांभाळून उडवतात. ड्रोन आपोआप हवेत थांबतो. विमानाला सतत हाताने सांभाळावं लागतं, नजर हटली की गेलं. त्यामुळे मॉडेलवाला नजरेबाहेर सहसा जात नाही. वरून काही आलं तर त्याला ते दिसण्याची शक्यताही जास्त.

नियमात त्यांना वेगळी जागा आहे. २५ किलोपर्यंतचं, फक्त शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा हौसेसाठी वापरलेलं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं असेल तर ते ‘मॉडेल’ धरलं जातं, आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. घरी बनवलेल्या विमानाला कारखान्याचं सर्टिफिकेट आणायचं कुठून, म्हणून ही सोय बरी आहे. पण रंगीत नकाशा, ४०० फूट आणि वाट देण्याचा नियम त्यांनाही आहेच.

४०० फुटांचा हा आकडा आला कुठून, तेही मजेशीर आहे. १९८१ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेने मॉडेलवाल्यांसाठी एक पानभर सल्ला काढला होता : ४०० फुटांच्या वर जाऊ नका, विमानतळाच्या तीन मैलांत उडवायचं असेल तर आधी कळवा. सक्ती नव्हती, सल्लाच होता. हौशी क्लबांनी तो पाळला. पुढे ड्रोन आले आणि तोच आकडा जगभर कायद्यात जाऊन बसला. तिकडे क्लबांची कायमची मैदानं नोंदवलेली असतात, नकाशावर असतात आणि त्या भागातल्या वैमानिकांना ती पाठ असतात. आपल्याकडे ही पद्धत रुळलेली नाही. जिल्ह्यात हिरव्या भागातली दोन-तीन गायरानं अशी ठरवून दिली आणि तिथल्या उड्डाणाच्या वेळा कळवल्या, तर पोरं चोरून कुठल्याही माळावर जाणार नाहीत. ह्यात खर्च काहीच नाही, फक्त कोणीतरी टेबलावर बसून ठरवायचं आहे.

फवारणीचा ड्रोन आणि वर्तुळातली गावं

खरी अडचण इथं आहे. नमो ड्रोन दीदी योजनेत देशभर १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं केंद्राने ठरवलं, त्यासाठी १२६१ कोटींची तरतूद केली. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख अनुदान. राहुरीच्या कृषी विद्यापीठात ड्रोन चालवायचं प्रशिक्षणही मिळतं. सर्टिफिकेटसाठी वय १८ ते ६५ आणि दहावी पास एवढी अट आहे, म्हणजे गावातली पोरगी सहज घेऊ शकते.

मांडवावरच्या द्राक्षाला ड्रोन कितपत चालतो हा वेगळा वादाचा विषय आहे. पानाच्या खालून औषध लागायला ब्लोअरच बरा, असं बागायतदार म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण सोयाबीन, मका, ऊस, पावसात चिखल झालेलं रान, जिथं ट्रॅक्टर शिरत नाही तिथं ड्रोन कामाचा. औषध अंगावर येत नाही हा सर्वांत मोठा फायदा.

फवारणीचा ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरवरून चालतो. गावातला विजेचा खांबही त्याच्यापेक्षा उंच असतो. एवढ्या खाली चाललेल्या ड्रोनला विमान धडकायचं असेल तर विमान आधी तारांना धडकेल. पण पिवळ्या-लाल भागाचा नियम जमिनीपासून सुरू होतो. त्याला तीन मीटर आणि तीनशे फूट सारखेच. मग ओझरच्या वर्तुळात राहणाऱ्या शेतकऱ्याने काय करायचं? आठ किलोमीटरच्या बाहेर २०० फुटांची सवलत देताना सरकारनेच उंची बघून सूट देण्याचं तत्त्व मान्य केलेलं आहे. तेच तत्त्व पुढं नेऊन पिवळ्या पट्ट्यात, ठरलेल्या गटापुरती, पिकावरच्या काही मीटरची फवारणी सुटसुटीत परवानगीने करता आली पाहिजे. ग्रामपंचायतींनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी एकेकट्याने अर्ज करत बसण्यापेक्षा हंगामाच्या आधी हे एकत्र मागावं. धावपट्टीला अगदी लागून असलेल्या लाल भागाचं मात्र तसं नाही. तिथं ड्रोनचा सिग्नल तुटून तो भरकटला तर काय, ही भीती खोटी नाही, आणि ती मान्यच करावी लागेल.

तोवर भाड्याने ड्रोन बोलावणाऱ्याने तीन गोष्टी बघाव्यात. ड्रोनवर नोंदणीचा युनिक नंबर आहे का, चालवणाऱ्याकडे सर्टिफिकेट आहे का आणि तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा आहे का. नॅनो सोडून सगळ्यांना हा विमा लागतो. “शेजारच्या गावात मारलं, काही झालं नाही” हा परवाना नव्हे.

उडवताना

रानात प्रत्यक्ष काम करताना सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे दुसरा माणूस. चालवणाऱ्याचे डोळे ड्रोनवर, दुसऱ्याचे आकाशात. ह्या दुसऱ्याला मोबाईल बघायची बंदी पाहिजे, आणि काय करायचं ते आधी सांगून ठेवलं पाहिजे. बटनव्हिलची चूक तीच होती. आवाज आला की ओरडायचं, आणि ओरडल्यावर चालवणाऱ्याने विचारायचं नाही “कुठं?”, आधी खाली घ्यायचं. बाजूला पळवायचा प्रयत्न करू नये. हेलिकॉप्टर कुठं वळेल ते सांगता येत नाही, जमिनीकडे मात्र ते नक्कीच येत नाही. हेलिकॉप्टरांच्या बाबतीत एक मागोमाग दुसरं असतं हेही ध्यानात ठेवावं, पहिलं गेलं म्हणून लगेच वर चढवू नये.

अनेक ड्रोनमध्ये ‘घरी परत’ बटण असतं. ते दाबल्यावर ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढतो आणि मग परत येतो. विमान आलेलं असताना हे बटण दाबणं म्हणजे त्याच्याकडेच पाठवणं. ती उंची आधीच, झाडं-तारा ओलांडतील इतपतच, ठेवावी. सकाळच्या धुक्यात, ढग खाली आलेले असताना आणि समोर ऊन डोळ्यावर असताना हौसेचं उड्डाण टाळलेलं बरं. नजरेच्या टप्प्यात ठेवायचं म्हणजे ड्रोनचं तोंड कुठं आहे हे डोळ्याने कळलं पाहिजे, ठिपका दिसला म्हणजे झालं असं नाही.

अपघात झाला तर ४८ तासांच्या आत डिजिटल स्कायवर कळवावं लागतं.

पतंग आणि सिंहस्थ

येवल्याच्या लोकांना गंमत वाटेल, पण १९३४ च्या विमान कायद्यात ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत पतंगही होता. संक्रांतीला येवल्यात किती ‘विमानं’ आकाशात असतात ते मोजायला कोणी बसलेलं नाही. चेष्टा सोडली तर संक्रांतीच्या तीन दिवसांत त्या भागात ड्रोन उडवणाऱ्याने मांजाचं भान ठेवावंच, पात्यात गुंतला की ड्रोन दगडासारखा माणसांवर येतो.

सिंहस्थात प्रश्न गर्दीचा येईल. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्या काळात नाशिक-त्र्यंबकेश्वरवर बंदोबस्ताची, रुग्णांची आणि पाहुण्यांची हेलिकॉप्टर फिरतील, पोलिसांचे स्वतःचे ड्रोनही असतील. नियमाप्रमाणे राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग तात्पुरता लाल जाहीर करू शकतात. आदेश पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा लागतो आणि एका वेळी तो जास्तीत जास्त ९६ तासांचा असतो. म्हणजे पर्वणीच्या आठवड्यात नकाशा चार-चार दिवसांनी बदलू शकतो. सोमवारी हिरवा असलेला माळ शुक्रवारी लाल असेल, आणि गुरुवारी रात्री घेतलेली वरातीच्या शूटिंगची सुपारी सकाळी नकाशा उघडून पुन्हा तपासावी लागेल.